वरचं मीटर, खालचं मीटर

आषाढ लागला की लोक भजी तळतात, मी मीटर बघायला जातो. तळेगावात आता आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. बिल माझ्या नावावर येतं आणि मीटरातून निघालेली वायर कुठून कुठे जाते, ते मी घर घेतानाच जिना चढत-उतरत पाहून ठेवलेलं आहे. तरीही भिंतींना ओल धरली आणि बायकोने माळ्यावरचा हीटर खाली काढायला सांगितला, की माझे पाय आपोआप पार्किंगकडे वळतात. तिथे सगळ्यांची मीटरं ओळीने लुकलुकत असतात. मी आमच्या मीटरसमोर उभा राहतो आणि मग शेजाऱ्यांच्या मीटरांकडेही बघून घेतो. वॉचमन मला वेड्यात काढत असणार.

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या हीच चर्चा आहे. नवीन मीटरं बसली आहेत आणि ती पळतात, असं सगळ्यांचं ठाम मत आहे. कुणाचं घर बंद असताना आकडा वाढलाय, कुणाला वाटतं की जिन्यातला दिवा आपल्याच माथी मारलाय. एकाने तर नाव न घेता, पण मजला सांगून, कुणीतरी कुणाच्या तरी वायरीवर गाडी चार्ज करतं असं लिहिलं. मी सगळं वाचतो आणि काही लिहीत नाही. मीटरविषयी मला जे बोलायचं होतं ते मी सात वर्षांपूर्वी लोणावळ्यात बोलून बसलो आहे.

मी मुळातच संशयी माणूस. त्यात नोकरी उर्स्याच्या टोलनाक्यावर, पर्यवेक्षकाची. तेव्हा रोखीच्या रांगा होत्या आणि समोर येणारा प्रत्येक दुसरा माणूस स्थानिक असायचा. मुंबईच्या नंबरप्लेटची गाडी, चार दिवसांचा बिछाना टपावर, आणि आत बसलेला माणूस टोल माफ व्हावा म्हणून मला सांगायचा की तो बाजूच्याच गावचा आहे. एकाच आधार कार्डावर तीन भाऊ जाऊन आलेले मी पाहिलेत, आणि तिघांचे चेहरे एकमेकांशी जुळत नव्हते. अशा कामात माणूस हळूहळू वेगळंच ऐकायला शिकतो. समोरचा काय म्हणतो ते सोडून तो ते का म्हणतो, याकडेच कान जातो. घरी आल्यावर हा कान काढून खुंटीला टांगता आला असता तर बरं झालं असतं, असं माझी बायको म्हणते.

ती लोणावळ्याच्या शाळेत शिकवायची, म्हणून आम्ही तिथे घर भाड्याने घेतलं. खंडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, बंगले संपतात तिथे रेल्वेतून निवृत्त झालेल्या लोकांची एक आळी आहे. त्यातलं एक दुमजली घर शेवंतामावशींचं. मावशींचे यजमान घाटात रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. आयुष्यभर पावसात रूळ तपासले आणि फंडाच्या पैशांतून हे घर बांधलं. ते वारले, मुलगी लग्न होऊन नाशकाला गेली, आणि मावशी खालच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. वरच्या दोन खोल्या आमच्या. वर पत्रे होते, आणि लोणावळ्यात पत्र्याखाली राहायचं म्हणजे चार महिने एकमेकांशी ओरडून बोलायचं.

गंमत अशी, की त्याच हवेसाठी लोक पैसे मोजून येतात. धुक्यात उभे राहून फोटो काढतात, चिक्कीच्या पुड्या घेतात आणि संध्याकाळी कोरड्या घरी जातात. आमच्याकडे तेच धुकं खिडकीतून आत यायचं आणि उशीच्या अभ्र्यात मुक्काम करायचं. मिठाला पाणी सुटायचं. काड्यापेटी तव्यावर ठेवून गरम करावी लागायची, मग ती पेटायची. चपलांवर दोन दिवसांत हिरवी बुरशी, कंबरेच्या पट्ट्यावर पांढरी. कपाटात चोवीस तास एक बल्ब जळत ठेवायचा ही तिथली रीत, नाहीतर साड्यांना डाग पडतात. विजेशिवाय तिथे काहीच कोरडं राहत नाही, अगदी अंगावरचा सदराही नाही.

चैत्रात आम्ही राहायला गेलो. वैशाखात बायको बाळंतपणाला माहेरी जुन्नरला गेली आणि मी एकटा उरलो. त्याच सुमारास मावशींनी पावसाआधीची कामं काढली. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा मारतो, त्यामुळे मीटरांतून घरात जाणाऱ्या वायरी सडल्या होत्या. बाळू नावाचा एक वायरमन खंडाळ्याच्या बंगल्यांतली कामं करायचा. त्याने एका दुपारी त्या सगळ्या वायरी काढून नव्या टाकल्या. मीटरं जिन्याखाली होती तिथेच राहिली. त्यांच्या पेट्या मात्र मावशींनी पुसून घेतल्या आणि त्यांवर ऑइल पेंटने लिहवून घेतलं, एकीवर ‘वर’ आणि दुसरीवर ‘खाली’. मला तेव्हा ते फार आवडलं. म्हटलं, हिशेबाला चोख बाई आहे.

ज्येष्ठात बिल आलं आणि माझा कान उभा राहिला. घरात मी एकटा, तोही बारा तास नाक्यावर. एक दिवा, फोनचं चार्जिंग आणि अंघोळीच्या बादलीतली पाणी तापवायची कांडी. तेवढ्यासाठी भरल्या घराचं बिल! पुढच्या महिन्यात ते आणखी चढलं. मी रोज सकाळी निघताना ‘वर’ लिहिलेल्या मीटरचा फोटो काढायला लागलो आणि परत आल्यावर दुसरा. मी घरात नसताना आकडा चढत होता. मी घरात असताना, कांडी लावून बसलो असताना, तो जवळजवळ जागचा हलत नव्हता. माझं घर मला चुकवून वीज खात होतं.

नाक्यावरच्या एकाने उपाय सांगितला. घरातला मेन स्विच पाडायचा आणि खाली जाऊन बघायचं. मीटरचा लाल दिवा थांबला तर वायरिंग ठीक. लुकलुकत राहिला तर समजायचं की कुणीतरी मधेच तार जोडून घेतली आहे. रविवारी सकाळी मी मेन पाडला, अनवाणी जिना उतरलो आणि पाहिलं. लाल दिवा आरामात लुकलुकत होता. त्याच वेळी मावशींच्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि माझ्यापुरता खटला तिथेच संपला. शेजारच्या ‘खाली’ लिहिलेल्या मीटरकडे एक नजर टाकायचं मला सुचलं नाही. दुसऱ्याच्या मीटरमध्ये आपण काय बघायचं, असा सभ्य विचार नेमका तेव्हाच माझ्या मनात आला असणार.

मी बाळूला फोन केला. म्हटलं, मावशींनी माझ्या लाईनवर तार मारलीय, येऊन बघ आणि कुणाला बोलू नकोस. तो म्हणाला, पावसात डबा उघडत न्हाई दादा, उघाड पडली की येतो. लोणावळ्यात आषाढात उघाड पडायची वाट बघणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांनाच कळेल. मला मात्र वाटलं, हाही त्यांना सामील आहे.

मावशींना मी काहीच बोललो नाही. हे नीट सांगायला हवं, कारण सगळं इथेच आहे. त्या रोज सकाळी दारात तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मी जिना उतरताना म्हणायचो, चहा झाला का मावशी? परत येताना म्हणायचो, जेवलात का मावशी? त्या म्हणायच्या, व्हय दादा, तुमी भिजलाव की, डोकं पुसा आधी. मी हसायचो आणि त्यांच्या खांद्यावरून आत नजर टाकायचो, तिथे काय काय विजेवर चाललंय ते बघायला. आत एक नवा हीटर आला होता. दोन कांड्यांचा. आणि रोज दुपारनंतर त्यांच्या दारात दहा-बारा जोड चपला असायच्या, सगळ्या बायकांच्या. माझ्या विजेवर तिथे मेळावा भरतोय, असं माझं मत झालं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगताना मला बरं वाटत नाही. मावशी बौद्ध. आम्ही इंदुरीचे, नदीकाठी जमीन असलेले शेतकरी. घर भाड्याने घेतलं तेव्हा गावातल्या एका चुलत्याने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं होतं, त्यांच्या घरात राहनार व्हय तू, भाड्यानं? मी त्यांना काही बोललो नाही. पुढे बिल वाढलं तेव्हा त्यांचा तो हळू आवाज मला पुन्हा ऐकू आला. मी शिकलेला माणूस आहे, जात मानत नाही असं चारचौघांत सांगतो. पण एखाद्या परीटघडीच्या कुलकर्णीबाईंवर चोरीचा आळ घ्यायला मला इतकं सोपं गेलं असतं का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. आता विचारतो, आणि उत्तर मला आवडत नाही.

मुलगी ज्येष्ठात झाली होती. वजन कमी. माहेरी सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं, त्यामुळे सव्वा महिन्यातच बायको बाळाला घेऊन लोणावळ्याला परत आली. आषाढ संपत आला होता. सोबतीला इंदुरीहून माझी आई आली. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, हिची ऊब तुटू देऊ नका, वजन ऊबेनेच चढेल. म्हणजे पत्र्याखालच्या त्या गार, ओल्या खोलीत एवढासा जीव गरम ठेवायचा होता आणि त्यासाठी लागणारी वीज, माझ्या मते, खालची बाई पीत होती.

आईने आल्या आल्या शेगडी मागितली. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे हवेत, त्यावर ओवा-शेपाची धुरी हवी, तिच्या हातून चार बाळंतपणं अशीच पार पडली होती. मावशींनी खालूनच नकार दिला. बंद खोलीत निखारा नको, पोरगी गुदमरंल, आमच्या चाळीत झालंय आसं, असं त्या म्हणाल्या. आईला ते पटलं. मला अजिबात पटलं नाही. निखारे ठेवू दिले नाहीत म्हणजे आम्ही हीटर लावणार, हीटर लावला की आमचं बिल वाढणार, आणि वाढलेल्या बिलात त्यांनी खाल्लेली वीज दिसणार नाही. इतकी सरळ रेघ मला त्या दिवसांत कुठूनही कुठेही काढता येत होती.

आम्ही हीटर आणला. पहिले चार दिवस तो सतत चालू होता. तापलेल्या धुळीचा वास, दोरीवरच्या दुपट्यांतून निघणारी वाफ आणि खोलीच्या मधोमध तांबड्या उजेडात झोपलेली मुलगी, हे मला डोळे मिटूनही दिसतं. पाचव्या दिवशी मी नियम केला. सकाळी अंघोळीच्या वेळी एक तास, संध्याकाळी एक तास. बाकी वेळ दोन दुपटी जास्त गुंडाळायची. मला बघायचं होतं की आकडा किती उतरतो. आकडा उतरला नाही. हीटर लावा की बंद ठेवा, ‘वर’चं मीटर आपल्याच चालीने चालत होतं. याचा अर्थ काय होतो ते दहावीतल्या पोरानेही सांगितलं असतं. मी त्याचा अर्थ असा लावला की बाई आता घाबरेनाशी झाली आहे.

बायको भांडली. ती म्हणाली की संशय आहे तर खाली जाऊन विचार. मी म्हणालो, विचारून कोण कबूल होतं? आमच्याकडे रोज विचारतो, रोज सगळे स्थानिक असतात. ती म्हणाली, “तू आत्ता नाक्यावर नाहीस. घरात आहेस. आणि ही आपली मुलगी आहे.” मग ती आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मुलीला सर्दी झाली होती. रात्री तिच्या नाकातून बारीक शिटीसारखा आवाज यायचा आणि मी जागा राहून तो ऐकायचो. तरी हीटर लावायला उठायचो नाही, म्हणजे उठावंसं वाटायचं आणि मग मीटर आठवायचं. माझ्या आयुष्यातली ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

श्रावणात एका दिवशी घाटात दरड आली आणि वाहतूक थांबली. नाका ओस पडला, म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी जुन्या रस्त्याने कामशेतवरून घरी आलो तेव्हा चार वाजले असतील. वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. हीटर बंद आणि गार. झोळी रिकामी. आई नाही, बायको नाही, मुलगी नाही. मी दवाखान्यात फोन लावायला लागलो, आणि तेवढ्यात खालून एका बाईचा वाचण्याचा सावकाश आवाज ऐकू आला.

मी खाली गेलो. मावशींच्या खोलीत पांढऱ्या साड्या नेसलेल्या दहा-बारा बायका मांडी घालून बसल्या होत्या, बहुतेक साठी ओलांडलेल्या. चौरंगावर एक जाड ग्रंथ होता आणि मावशी चष्मा लावून बोटाने ओळ धरत वाचत होत्या. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्ध घरांत वर्षावासाचं वाचन चालतं, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. मागच्या भिंतीशी तो दोन कांड्यांचा हीटर तांबडालाल होऊन जळत होता. त्याच्यासमोर दोरी, दोरीवर माझ्या मुलीची दुपटी, एकही ओलं नाही. हीटरच्या सगळ्यात जवळ माझी आई पदर घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर मुलगी झोपली होती. बायको भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपी गेली होती.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? मुलीचा नाही. पहिला विचार आला, हा हीटर माझ्या विजेवर चाललाय. नंतर मी वाकून मुलीच्या पायाला हात लावला. टोपडं नाही, मोजे नाहीत, एकच पातळ दुपटं, आणि पाय इतका गरम होता की माझाच हात गार लागून ती कुरकुरली. कितीतरी दिवसांत तिच्या नाकातून आवाज आला नव्हता. मला ते आता जाणवलं. मावशींनी वाचता वाचताच हाताने मला बसायची खूण केली.

वाचन संपलं, चहा झाला, बायका चपला शोधत निघाल्या. आई थोडी बावरली होती. सांगू लागली की गेले पंधरा दिवस ती रोज दुपारी मुलीला घेऊन इथे येते, वर गारठा असतो म्हणून, आणि तुला बोललो तर तू रागावशील म्हणून बोललो नाही. आई, जी पहिल्या दिवशी मावशींनी दिलेला चहा न पिता खिडकीत ठेवून गार करत बसली होती, ती आता त्यांच्याच कपातून दुसरा चहा पीत होती.

मी हीटरकडे बघत होतो. मावशींच्या ते लक्षात आलं. त्या अगदी मोकळेपणाने म्हणाल्या, “दादा, या साली माझं लाईटबिल लय उतरलंय. जुन्या वायरी गळत हुत्या, बाळूनं नव्या टाकल्या आन् निम्म्यावर आलं बगा. दरसाल वाचन विहारात व्हतं, तिथली फरशी गार, म्हाताऱ्या आखडून जात्यात. म्हनलं या साली हितं बसू. बिल वाचतंय तर चार जनींना ऊब मिळू दे.”

मी चहा अर्धाच ठेवून जिन्याखाली गेलो. बायकोला म्हटलं, वर जाऊन हीटर लाव, दोन्ही कांड्या. ती का म्हणून न विचारता गेली. ‘वर’ लिहिलेल्या मीटरचा दिवा होता तसाच लुकलुकत राहिला. ‘खाली’ लिहिलेल्या मीटरचा दिवा मात्र एकदम धावायला लागला. मग मी तिला हीटर बंद करायला ओरडून सांगितलं आणि धावणारा दिवा जागच्या जागी थांबला. बाळूने वायरी उलट जोडल्या होत्या. वैशाखापासून मावशींचा फ्रिज, मोटर, टीव्ही आणि हीटर हे सगळं माझ्या मीटरवर होतं, आणि माझा एक दिवा आणि एक कांडी त्यांच्या मीटरवर. मी मुलीला गारठ्यात ठेवून जी वीज वाचवली ती मावशींच्या बिलात वाचली होती, आणि त्या वाचलेल्या विजेतून मावशी माझ्याच मुलीला शेकत होत्या.

मी पायरीवर बसलो. हसावं असंच होतं ते. आणि बसल्या बसल्या, अगदी मिनिटाभरात, मला पुढचा विचार आला: यांना हे माहीत नसेल कशावरून? बिल निम्म्यावर येतं आणि माणूस शोध घेत नाही? माझ्या संशयाची ही जात आहे. त्याच्या हातात उत्तर दिलं तरी तो ते उलटून त्याच्या मागे काय लिहिलंय ते बघतो. खरं म्हणजे वाढलेल्या बिलाचा शोध सगळे घेतात, उतरलेल्या बिलाचा कुणीच घेत नाही. मीसुद्धा घेतला नसता.

बाळूला मी दुसऱ्या दिवशी ओढूनच आणला. दरडीनंतर दोन दिवस पाऊस थांबला होता, त्यामुळे त्याला सबबही उरली नव्हती. मला सगळं गुपचूप उरकायचं होतं, पण मावशी दारातच तांदूळ निवडत होत्या, सूप घेऊनच उठून आल्या. बाळूने पेटी उघडली, वायरी बघितल्या आणि कपाळाला हात लावला. वायरी उलट्या जोडल्यात, माझीच चूक, असं त्याने सरळ कबूल केलं. मग स्वतःच्या चुकीवरची नजर दुसरीकडे वळवावी म्हणून असेल, किंवा नुसतंच हसण्यावारी न्यायचं म्हणून असेल, तो म्हणाला, “आन् दादा मला फोनवर सांगत हुते, मावशीनं तार मारलीया म्हणून. मी म्हनलं, मावशी कशाला तार मारतीय.”

सुपातले खडे मावशींनी बाजूला टाकले. बाळू वायरी सोडवत राहिला. मी काहीतरी पुटपुटलो, बिल वाढलं म्हणून, गैरसमज, असं. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “फोन कधी केलता?”

मी सांगितलं, आषाढात.

“म्हंजी दीड म्हयना झाला.” त्यांनी आणखी एक खडा बाजूला टाकला. “दीड म्हयना तुमी रोज जाता-येता मला इचारत हुता, जेवलाव का मावशी.”

त्यांना राग विजेचा नव्हता. चोर ठरवल्याचासुद्धा कदाचित नव्हता, त्या वयापर्यंत त्यांनी तो शब्द आधी कधी ऐकलाच नसेल असं नाही. राग होता तो त्या विचारपुशीचा. मी आरडाओरडा केला असता, दारात जाऊन भांडलो असतो, तर त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, मीटर उघडून दाखवलं असतं आणि त्याच दिवशी दोघांना सगळं कळलं असतं. मी मात्र गोड बोलत राहिलो.

दोन्ही बिलांचा फरक मावशींनी त्याच आठवड्यात चुकता केला. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. हीटरही बंद केला नाही. अश्विन पौर्णिमेपर्यंत वाचन त्यांच्याच घरी झालं, आता त्यांच्या स्वतःच्या मीटरवर. आई रोज खाली जात राहिली, मुलीला घेऊन. मी वरचा हीटर दिवसभर लावून ठेवायचो, नियम वगैरे सगळे गेले. तरी आई म्हणायची, खालची ऊब निराळी. मी त्यावर वाद घालायचो नाही.

पूर्वी मावशी कधीही वर यायच्या. पायात चपला नाहीत म्हणून पायऱ्यांवर आवाज नसायचा, एकदम खोलीत उभ्या असायच्या, झोळीत वाकून मुलीशी बोलायच्या आणि मग आमच्याकडे बघायच्या. मला तेव्हा वाटायचं, ही बाई चौकशीला येते. बाळू येऊन गेला त्यानंतर त्या वर येईनाशा झाल्या असं नाही. दुपटी वाळली की त्या घेऊन यायच्याच. घड्या घालून, टोकं जुळवून. पण दारापाशी थांबायच्या. कडी वाजवायच्या. “येऊ का?” म्हणायच्या, आणि आम्ही या म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. हात लांब करून दुपटी द्यायच्या आणि तिथूनच मान वाकडी करून झोळीकडे बघायच्या.

एका दुपारी आईला ते सहन झालं नाही. ती उठून दाराशी गेली आणि म्हणाली, शेवंताबाई, असं उंबऱ्याबाहेर उभं राहू नका, मला कसंतरी होतं. माझी आई हे कुणाला म्हणते आहे आणि तिच्या सासूने, आजेसासूने हे कधी कुणाला म्हटलं नसेल, हे त्या दोघींनाही कळत होतं. मी मागून म्हणालो, आत या मावशी. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

“घर माझंच हाय दादा,” त्या म्हणाल्या, “पर आता हितूनच बरं.”

आणि दुपटी माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती.